वाट देताना

तिला आधी जाणवला तो गुडघा. डावा, जरासा दुखरा, आणि तिचा नसलेला. शिवकन्या तिशीची धडधाकट बाई. नाशिकला एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायचं काम करायची, दिवसातून दहा वेळा जिना चढायची. तिच्या गुडघ्यांना काही धाड भरली नव्हती. हे दुखणं तिच्या वडलांचं, लिंबाजींचं होतं. आणि लिंबाजी त्या घडीला तिथून चार किलोमीटरवर दवाखान्यात पाठीवर पडून होते. त्यांना कमरेखाली गुडघा आहे की नाही तेही कळत नव्हतं.

तिच्या डोळ्यांवर पट्टी होती, कानात बोळे होते, अंगात एक करडा, घट्ट अंगरखा होता. कानांमागे दोन गार चकत्या चिकटवलेल्या. खुर्ची जमिनीलाच होती, पण तिला पायाखाली फळी लागत होती आणि फळीखाली नुसती हवा.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला बाहेरची बाधा झाली.

दोन हजार अडतीस सालापासून उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला जाणपट्टा सक्तीचा झाला. पूर्वीच्या पट्ट्याला नुसता आकडा असायचा, तो जीवदोराला अडकवायचा की झालं. जाणपट्ट्याच्या विणीत बारीक तारा असतात. पाठ, पोट, मान, दंड यांच्या स्नायूंतून जी सूक्ष्म वीज वाहते ती त्या टिपतात. एक गंमत करून बघा. उभे राहा आणि झटकन हात वर करा. तुम्हाला वाटेल की आधी हात हलला. तसं नसतं. हात हलायच्या आधी, पापणी लवायलाही वेळ मिळणार नाही इतक्यात, पोटऱ्या आणि पाठ ताठ झालेल्या असतात. हात वर गेला की तोल जाणार हे शरीराला आधीच माहीत असतं, म्हणून ते तयारीत राहतं. कुणी ढकललं किंवा पाय घसरला तर सगळं उलट होतं. आधी तोल जातो, मग पाठ धावत येते. हा मागचा-पुढचा क्रम जाणपट्ट्याला बरोबर कळतो.

कायदेवाल्यांना हे सापडल्यावर त्यांनी सोय करून टाकली. उंचीवरून माणूस पडला की अहवालात तीन रकाने. घसरला, तर जबाबदारी बांधकाम कंपनीची. ढकलला गेला, तर ढकलणाऱ्याची. आणि आकडा स्वतःच्या हातानं, शांतपणे, सोडला असेल तर, मग पाय घसरलेला का असेना, ज्याची त्याची. या तिसऱ्या रकान्याचं नाव ‘स्वेच्छा’. कागदावर कसं स्वच्छ दिसतं बघा.

लिंबाजींच्या अहवालात स्वेच्छा आलं होतं. आकडा उजव्या हातानं सोडला. पाठीनं आधी तयारी केली होती. नाडीचे ठोके बहात्तर. घाई नाही, भीती नाही, कुणाचा धक्का नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या त्या टॉवरच्या सातव्या मजल्याच्या परांचीवरून ते खालच्या पाचव्या मजल्याच्या गच्चीवर पडले. जीव वाचला, मणका गेला. तो दिवस तर त्यांच्या डोक्यातून पुसूनच गेला होता. सकाळी भाकरी खाल्ली एवढं आठवायचं, पुढे थेट दवाखान्याचं छत.

मणका गेला तरी अगदीच सगळं संपलं नव्हतं. मज्जासेतू म्हणून नवी शस्त्रक्रिया होती, तुटलेल्या मज्जारज्जूवर पेशींचा पूल घालायची. पण ती नव्वद दिवसांच्या आतच लागू पडते, आणि ती आपल्या खर्चानं करणं या माणसांच्या सात पिढ्यांना शक्य नव्हतं. जबाबदारी कंपनीवर आली तर कंपनीनं करायची. स्वेच्छा कायम राहिलं तर लिंबाजींचे पाय कायमचे गेले. एकाहत्तर दिवस होऊन गेले होते.

कायद्यात एक बारकं कलम होतं. निवाड्याआधी रक्ताच्या नात्यातल्या एका माणसाला, एकदाच, ‘फेरजाण’ घेता येते. पट्ट्यानं टिपलेली वीज उलट अंगरख्यातून दुसऱ्याच्या स्नायूंना द्यायची, कानामागच्या चकत्यांतून तोल हलवायचा. पडलेल्या माणसाचं शेवटचं मिनिट आपल्या अंगात येतं. चित्र नाही, आवाज नाही, नुसतं अंग. पाय फळीवरून सुटायच्या आधी यंत्र बंद होतं, ही त्यातल्या त्यात दया. बहुतेक लोक घेत नाहीत. घ्यावी तरी कशाला? शिवकन्येनं घेतली, कारण तिचा बाप आकडा असाच सोडेल हे तिला मरेपर्यंत पटलं नसतं.

तर ती तिथं होती. सातव्या मजल्यावर, वडलांच्या अंगात.

वारा लागत होता की भास होता कोण जाणे. भिंती आता यंत्रंच उभ्या करतात, पण कोपऱ्याची धार अजून माणसाच्या हातानंच मारावी लागते, आणि लिंबाजींसारखी धार मारणारा सगळ्या नाशकात दुसरा नव्हता. शिवकन्येचं मनगट आपोआप हललं. थापी वर गेली, खाली आली. दोन हात दाबून, तिसरा हलका. पुन्हा दोन दाबून, तिसरा हलका. तिचा श्वास संथ झाला. पोटात हलकं हलकं वाटायला लागलं, आणि तिला एकदम उमगलं की दादा वर सुखात असायचे.

वडलांना ती दादा म्हणे. लहानपणापासून तिनं त्यांच्यापायी जीव मुठीत धरला होता. जिंतूरच्या शाळेत असताना कुठं मोठा आवाज झाला तरी तिला वाटायचं, दादा पडले. आणि हा माणूस इतकी वर्षं वर असा निवांत, अंगणात खाटेवर पडल्यासारखा. तिला हसू आलं आणि थोडा रागही आला. हे एवढं तरी सांगायचं होतंत की हो दादा, असं ती मनात म्हणाली. तिला वाटलं, हे मिनिट संपू नये. हात असाच चालत राहावा, खालचं सगळं जग धुक्यात पडून राहावं, आणि कुणी कुणाला हाक मारू नये.

मग हात थांबला.

मान उजवीकडे वळली. पोट आत ओढलं गेलं. उजवा हात कमरेच्या आकड्याकडे गेला आणि आकडा सुटला. टाच अर्धं पाऊल मागे सरकली, भिंतीपासून दूर, कडेकडे. डावा हात डोक्याकडे गेला, टोपी सारखी करावी तसा, पण बोटांना लागलं टणक हेल्मेट. पाठ थोडी वाकली. आणि छातीत काहीतरी ऊबदार भरून आलं.

ही हालचाल तिनं पाहिली होती. एकदा नव्हे, शंभरदा. लग्न झाल्यापासून तिचा नवरा अंगद तिच्या माहेरच्या उंबऱ्यात आला की दादा असेच करायचे. बसल्या जागेवरून उठायचे, टोपी सारखी करायचे, अंग चोरून बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, “या जावईबापू.”

यंत्र बंद झालं.

पट्टी सोडणारी ओवी नावाची तंत्रज्ञ मुलगी हळू आवाजात म्हणाली, “ताई, बऱ्या आहात ना? काही नोंदवायचंय का?”

“पाणी द्या,” शिवकन्या म्हणाली.

रिक्षात बसल्यावर तिनं सगळं जुळवून पाहिलं. आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथंच आहे. नियमानं परांचीवर प्रत्येक माणसाला वेगळा जीवदोर हवा. कंपनीच्या कागदावर दोन दोर होते. एकच दोर असेल तर त्यावरून दोघांना एकमेकांना ओलांडता येत नाही, एकानं आकडा सोडून वाट द्यावी लागते. तशी वेळ आलीच तर गवंड्यांत एक रीत आहे, लहानानं सोडायचा आणि वयानं मोठ्यानं पुढं जायचं. टोळीतल्या सगळ्यांनी जबानीत ही रीत सांगितली होती, आणि कंपनीच्या वकिलांनी ती अलगद उचलली. साइटवर लिंबाजी सगळ्यांत वडील, छप्पन्न वर्षांचे. त्यांना कुणासाठी आकडा सोडायची गरजच काय? म्हणजे स्वतःच्या मर्जीनं सोडला. टोळीला कुठं ठाऊक की लिंबाजींच्या मनात वयापेक्षा एक मोठा मान होता, जावयाचा.

त्या दिवशी परांचीवर त्यांच्या जोडीला अंगद होता. त्यानं लिहून दिलं होतं, मी पलीकडच्या टोकाला होतो, माझी पाठ होती, मी काही पाहिलं नाही.

घरी अंगद गॅसपाशी उभा राहून चहा करत होता. आठ वर्षांच्या संसारात तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं.

“काय कळलं?” त्यानं विचारलं. मान वर केली नाही.

शिवकन्येनं पर्स ठेवली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पोट आत ओढलं, कमरेशी हात नेला, अर्धं पाऊल मागे सरकली, डोक्यावरची नसलेली टोपी सारखी केली आणि जराशी वाकली.

अंगदच्या हातातली गाळणी ओट्यावर पडली. चहा उतू गेला तरी त्यानं गॅस बंद केला नाही, तिनंच केला.

“दोर एकच होता ना?” ती म्हणाली.

तो भिंतीला टेकला. मग खाली फरशीवर बसला.

“एकच होता. दुसरा येणार येणार म्हणत होते, महिनाभर आला नाही.” त्यानं हातानं तोंड पुसलं. “माझ्या बाजूला ऊन आलं होतं गं. पलीकडं सावली होती. मी म्हणलं, मामा, मी तिकडं येतो. मी आकडा सोडणारच होतो. त्यांनी आधीच सोडला. मला भिंतीची बाजू दिली, आपण कडेला झाले. मी पुढं गेलो आणि मागं फळी वाजली, त्यांचा पाय सुटला.”

“उन्हासाठी?”

“उन्हासाठी.”

तिला त्याला मारावंसं वाटलं. लगेच त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि यातलं काहीच तिनं केलं नाही. सावलीत जायचं कुणाला वाटत नाही? एप्रिल महिना होता.

“साइटवरच्या साहेबानं कागद लिहून आणला,” अंगद म्हणाला. “म्हणाला, ओलांडत होतो असं म्हणालास तर तुझ्यावर उंचीबंदी येईल, शिवाय सासऱ्याला ढकलला म्हणून नाव लागेल. मी सही केली. मला वाटलं, यंत्र काय ते खरं सांगंल.”

“यंत्रानं खरंच सांगितलं. त्यांनी आपल्या हातानं सोडला. कुणासाठी, ते यंत्राला कुठं कळतंय?”

“तू सांगणार उद्या?”

शिवकन्येला दोन्हीकडून ओढ लागली होती. बोलावं तर नवरा गोत्यात, गप्प बसावं तर बाप खाटेवर. पण खरं सांगायचं तर तिचं आतून ठरलं होतं, ती छातीतली ऊब बंद पडली त्याच क्षणी. ज्या माणसानं एवढ्या मायेनं वाट दिली, त्याच्या नावापुढं त्यानं स्वतःचाच घात करून घेतला असं लिहिलेलं तिला बघवणार नव्हतं.

“मी सांगणार,” ती म्हणाली. “तुम्ही आधी सांगितलंत तर मला बरं वाटंल. पण मी सांगणार.”

अंगदनं पडलेली गाळणी उचलली. नंतर दोघांनी मिळून ओटा पुसला.

सुनावणीची खोली छोटी होती, खिडकीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसायचा. निवाडा अधिकारी वैजयंती गोरे पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. कंपनीचे वकील मात्र फार गोड बोलणारे.

शिवकन्येनं फेरजाणेत काय आलं ते सगळं सांगितलं. टोपीचं सांगताना तिनं डोक्याकडे हात नेऊनही दाखवला. वकिलांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

“मुलीचं मन आहे, मी समजू शकतो,” ते म्हणाले. “पण मॅडम, मान वळली, पाठ वाकली, यातून जावई कुठून आला? घाम पुसायलाही माणूस डोक्याकडे हात नेतो. पट्ट्यात नाव नाही. तिथं दुसरं कुणी होतं याला पुरावा नाही. उलट जावयांची लेखी जबानी आपल्यासमोर आहे.”

गोरे मॅडमनी शिवकन्येकडे पाहिलं. “पट्टा नाव सांगत नाही हे खरंय, बाई. दुसरं काही आहे?”

शिवकन्येनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अंगद उभा होता. तो घरातून निघताना एक अक्षर बोलला नव्हता, वाटेतही नाही. ती सारखी त्याच्या तोंडाकडे बघत आली होती.

“मी होतो,” तो म्हणाला. “कागदावरचं खोटं आहे. दोर एकच होता. मी ओलांडत होतो, मामांनी मला वाट दिली.”

पण वकील माणूस कसलेला. “ठीक. मग जबाबदारी ओलांडणाऱ्याची. सहकाऱ्याच्या चुकीमुळे अपघात. कंपनीचा संबंध तरीही येत नाही.”

“माझी काय ती माझ्यावर घाला,” अंगद म्हणाला. “पण मॅडम, एक विचारा त्यांना. दोन माणसं आणि एक दोर. त्यात एकाला तरी सोडावाच लागणार होता. आमच्यातल्या कुणी सोडायचा एवढंच आमच्या हातात होतं.”

गोरे मॅडमनी कंपनीची साहित्याची नोंद मागवली, त्या टॉवरवरच्या इतर पट्ट्यांचे अहवालही मागवले. त्यासाठी चार दिवस गेले, आणि ते चार दिवस शिवकन्येनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. अहवाल आले तेव्हा दिसलं की त्या परांचीवर महिनाभरात तब्बल एकशे बारा वेळा कुणी ना कुणी शांतपणे, स्वतःच्या हातानं आकडा सोडला होता आणि काही क्षणांनी पुन्हा लावला होता. एकशे बारा स्वेच्छा. पडला एकच, म्हणून अहवाल एकाचाच निघाला.

निवाडा वाचताना गोरे मॅडमचा चेहरा हलला नाही. त्यांनी लिहिलं होतं की लिंबाजींची इच्छा होती हे यंत्र म्हणतं ते मान्य आहे, पण ती इच्छा वाट द्यायची होती. वाट देण्यासाठी जीवदोर सोडावा लागेल अशी जागा ज्यांनी बांधली, जबाबदारी त्यांची. खोट्या जबानीबद्दल आणि ओलांडण्याबद्दल अंगदला तीन वर्षं उंचीबंदी. तो मान खाली घालून ऐकत होता. शिवकन्येनं त्याचा हात धरला. रागाचं काय करायचं ते नंतर बघू, असं तिनं ठरवलं.

शस्त्रक्रियेला दिवस मिळाला, त्र्याऐंशीवा.

आदल्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्यात गेले. लिंबाजी जागे होते. खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं आणि ते त्याकडे स्वस्थपणे बघत होते. कसला निवाडा, कुणावर जबाबदारी, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. शिवकन्या सांगायला पुढं झाली, पण अंगदनं तिला थांबवलं.

“मी सांगतो,” तो म्हणाला.

तो खाटेशी खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. ऊन, सावली, एक दोर, फळीचा आवाज, खोटी सही. काही लपवलं नाही. सांगता सांगता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. “मामा, माझ्यापायी झालं हे,” तो शेवटी म्हणाला.

लिंबाजी ऐकत होते. न आठवणारा तो दिवस दुसऱ्याच्या तोंडून आपल्याकडे येतोय, आणि आपण तो पहिल्यांदाच बघतोय, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. कपाळाला आठी पडली. आता दादा काय बोलतात याची शिवकन्येला भीती वाटली, कारण ते जे बोलतील त्यावर तिला पुढचं आयुष्य काढायचं होतं.

“मग?” लिंबाजी म्हणाले. “तुम्ही गेलात ना नीट पलीकडं?”

अंगदनं खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकलं.

“गेले, दादा,” शिवकन्या म्हणाली. “नीट गेले.”

“मग बरं,” लिंबाजी म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली.